स्त्रीवादी तत्त्वज्ञानात पीएच.डी.: मराठवाड्यातून, कोणत्या विषयाखाली?

दुधनाकाठ
समाजशास्त्रात एम.ए., ५८ टक्के, माध्यम मराठी, जिल्हा जालना. पुढं स्त्रीवादी तत्त्वज्ञानात पीएच.डी. करायची आहे. विषय ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा, पण तीनशे प्रश्नावल्या भरून टक्केवारी काढायची नाही. 'संमती' कशाला म्हणायचं आणि 'निवड' कशाला, हा प्रश्न आहे. नोंदणी कोणत्या विषयाखाली करावी? नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) कशातून द्यावी? प्रबंध मराठीत चालतो का? वाचायला कुठून लागावं? तत्त्वज्ञान पदवीलाही नव्हतं.

कोरडवाहू
आधी विषयाचं घर ठरवा. आपल्याकडं लोक उलटं करतात. कोणत्या गाइडकडं जागा रिकामी आहे ते बघतात आणि मग आपला प्रश्न त्यांच्या विषयात कोंबतात. तीन वर्षांनी तो प्रश्न ओळखू येत नाही.

तुमच्यापुढं तीन घरं आहेत.

पहिलं समाजशास्त्र. एम.ए. त्यातलीच, म्हणजे पात्रतेचा घोळ नाही. गाइडही जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. पण आरआरसीपुढं (संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीपुढं) सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, गेला की पहिला प्रश्न येतो, 'नमुना किती?' संकल्पनेवरही प्रबंध होतो हे पटवण्यातच तुमची बैठक संपेल.

दुसरं स्त्री अभ्यास. संभाजीनगरला विद्यापीठात ताराबाई शिंदे स्त्री अभ्यास केंद्र आहे. पुण्याला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे. मुंबईत एसएनडीटीचं संशोधन केंद्र आहे, १९७४ चं, देशातलं पहिलं. शिवाय टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था). तुळजापूरचा टिसचा कॅम्पस १९८६ पासूनचा आणि आपल्या जवळचा, पण तिथला भर ग्रामीण विकास आणि समाजकार्यावर. स्त्री अभ्यासासाठी त्यांचं मुंबईचं बघा.

तिसरं तत्त्वज्ञान. प्रश्न खरा इथलाच आहे. पण समाजशास्त्राच्या एम.ए.वर तत्त्वज्ञानात नोंदणी प्रत्येक विद्यापीठ देईल असं नाही. त्या त्या वर्षाच्या पेटच्या (पीएच.डी. प्रवेश परीक्षेच्या) जाहिरातीत 'संलग्न विषय' म्हणून काय धरलंय ते वाचूनच फी भरा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं चार विद्याशाखा केल्या, त्यांपैकी एक आंतरविद्याशाखीय. तुमचा विषय कोणत्या शाखेत टाकलाय यावर अर्ज कोणत्या खिडकीत जाणार ते ठरतं. चुकीच्या शाखेत गेलेला अर्ज तिकडच्या तिकडं पडून राहतो, कुणी उचलून योग्य जागी ठेवत नाही.

पाया कच्चा वाटत असेल तर इग्नूची तत्त्वज्ञानातली एम.ए. घरी बसून होते. स्त्री आणि लिंगभाव अभ्यासातलीही आहे. एक सावधगिरी: २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायची मुभा मिळाली, ती पीएच.डी.ला लागू नाही. एम.ए. करायची तर नोंदणीच्या आधी उरका.

बालाघाट
वरचं सगळं बरोबर, पण पोटाचं कुणी बोललं नाही. आपल्या भागातल्या कॉलेजांत समाजशास्त्राची पदं असतात, राज्यशास्त्राची असतात. स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय म्हणून कॉलेजात नसतोच, आणि तत्त्वज्ञान शिकवणारी कॉलेजं बोटांवर मोजावीत. सहायक प्राध्यापकाला 'संबंधित विषयात' ५५ टक्क्यांची एम.ए. आणि नेट किंवा सेट लागते. पीएच.डी.चा विषय वेगळा चालून जातो, एम.ए. आणि नेटचा वेगळा असला की छाननीतच अर्ज बाद होतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या पदाला पीएच.डी. सक्तीची नाही. म्हणून माझा हिशोब असा: नेट समाजशास्त्रातून, पीएच.डी. स्त्री अभ्यासात, आणि तत्त्वज्ञान त्या प्रबंधाच्या आत.

गुणांचंही बघून ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत कॉलेजांच्या छाननीसाठी पीएच.डी.ला २५ गुण धरलेत, नेट-जेआरएफला (फेलोशिपसह नेट) १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५. शोधनिबंधाला प्रत्येकी २, तेही जास्तीत जास्त ६. तेव्हा पैसे मोजून दहा-दहा निबंध छापणाऱ्यांनी जरा हिशोब करावा. आता तर यूजीसीची केअर यादीही (मान्य नियतकालिकांची) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. 'केअर लिस्टेड' असा शिक्का मारून फोन करणारं नियतकालिक आलं तर फोन ठेवून द्या.

गोदातीर
नेटबद्दल. पेपर १ मध्ये ५० प्रश्न, १०० गुण. पेपर २ मध्ये १०० प्रश्न, २०० गुण. मिळून तीन तास. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडू नका. तत्त्वज्ञानाचा विषय क्रमांक ०३, स्त्री अभ्यासाचा ७४.

पण तुम्ही हवा तो क्रमांक भरू शकत नाही. माहितीपत्रकात स्पष्ट आहे की एम.ए.च्याच विषयातून बसायचं. तुमचा विषय यादीतच नसेल तर जवळचा घ्यायचा. समाजशास्त्र यादीत आहे, म्हणजे तुम्हाला समाजशास्त्र. क्लासवाले 'वुमन स्टडीजला गर्दी कमी असते' असं सांगून दुसराच फॉर्म भरायला लावतात, त्यांचं ऐकू नका. उत्तीर्ण झाल्यावर कागद तपासताना अडकतं.

जून २०२४ पासून निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह सर्व, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. तिथं ७० टक्के भार नेटच्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला. जेआरएफला वयाची अट ३०, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सूट. प्राध्यापकीच्या पात्रतेला वयाची अट नाही.

माध्यम: इंग्रजी आणि हिंदी. मराठीत शिकलेल्यांनी हिंदी प्रत डोळ्यांसमोर ठेवली तरी तिथले पारिभाषिक शब्द कधीकधी इतके बोजड असतात की इंग्रजीच लवकर कळतं. जुने पेपर दोन्ही भाषांत शेजारी ठेवून शब्दांची वही करा. सेट पुणे विद्यापीठ घेतं. ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती, तिच्यावर फेलोशिप नाही.

दुधनाकाठ
@बालाघाट, हिशोब कळला. पण 'तत्त्वज्ञान प्रबंधाच्या आत' म्हणजे नेमकं कसं? शेवटच्या प्रकरणात दोन विचारवंत टाकायचे असं तर नव्हे?

दगडीजातं
तसं अजिबात नव्हे. तसले प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) ढिगानं आहेत. पहिलं प्रकरण प्रस्तावना, दुसऱ्यात पाश्चात्त्य स्त्रीवादाचे प्रकार, तिसऱ्यात जिल्ह्याचा भूगोल, चौथ्यात तक्ते. दुसऱ्या प्रकरणाचा चौथ्याशी काडीचा संबंध नसतो. ते काढून टाकलं तरी तक्ते तसेच राहतात. हीच कसोटी लावा: एक संकल्पना काढली तर प्रबंध कोसळतो का? कोसळत नसेल तर ती शोभेची.

तुमच्याच विषयावर करून बघू. मजुरीचं एकक काय? कोयता. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला, टनाचा भाव लागतो तो कोयत्याला. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. विधवा असो की टाकलेली, जोडीला भाऊ, मुलगा, कुणीतरी असल्याशिवाय तिला उचल मिळणं मुश्कील. आता विचारा, करार कुणी केला? उदारमतवादी करारसिद्धान्तात करार करणारी एक व्यक्ती असते, तिला इच्छा असते, ती हो किंवा नाही म्हणते. इथं करार करणारं जोडपं आहे आणि पैसे मोजून घेणारा बहुधा पुरुष. बाईची संमती करारात कुठं बसली? ती लग्नात बसली. लग्नाला दिलेला होकार हाच कामाला दिलेला होकार म्हणून धरला गेला.

कॅरोल पेटमन यांनी १९८८ मध्ये मांडलं की सामाजिक कराराच्या पोटात एक लैंगिक करार दडलेला असतो. कोयत्यात तो दडलेला नाहीच, मुकादमाच्या वहीत उघड लिहिलेला आहे. मग त्यांचा सिद्धान्त इथं जसाच्या तसा लागतो, की कोयता त्यात काही दुरुस्ती सुचवतो? हा झाला तत्त्वज्ञानाचा प्रश्न. याला नमुना तीनशेचा लागत नाही. दहा-बारा लांब मुलाखती आणि उचलीच्या व्यवहाराचं बारकाईनं वर्णन एवढ्यावर भागतं.

दुसरा धागा गर्भपिशवीचा. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. हा आकडा सगळे उद्धृत करतात आणि 'जबरदस्ती' किंवा 'अज्ञान' यापैकी एक शब्द लावून मोकळे होतात. पण फडावर खाडा पडला की पैसे कापले जातात, पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा ना पाणी, डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, आणि बाई म्हणते, 'मीच काढून घेतली.' याला जबरदस्ती म्हणावं तर तिचं वाक्य खोटं ठरतं, निवड म्हणावं तर बाकी सगळं अदृश्य होतं. स्त्रीवादी तत्त्वज्ञानातली संबंधाधिष्ठित स्वायत्ततेची (माणूस नात्यांत राहूनच स्वतःचे निर्णय घेतो, या कल्पनेची) आणि परिस्थितीनं घडवलेल्या पसंतीची चर्चा नेमकी या चिमट्याबद्दल आहे. तिचं 'मीच' हे मराठीतलं 'च' लावलेलं सर्वनाम, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

कोरडवाहू
'च'वरचं प्रकरण! आरआरसीत हे वाक्य जपून वापरा 🙂 पण मुद्दा पटला.

एक भर. बाबासाहेबांचा १९१६ चा कोलंबियातला जातिसंस्थेवरचा निबंध यात आणा. त्यात जातीची यंत्रणा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, आणि ती टिकवायची तर 'शिल्लक राहिलेल्या' स्त्रीचं काय करायचं हा त्या यंत्रणेचा पेच, अशी मांडणी आहे. सती आणि सक्तीचं वैधव्य ही त्यावरची उत्तरं, बालविवाह हे शिल्लक राहिलेल्या पुरुषाच्या पेचावरचं. कोयत्यालाही एकटी बाई शिल्लकच वाटते.

दगडीजातं
साम्य सुरेख आहे, पण साम्य म्हणजे युक्तिवाद नव्हे. १९१६ च्या निबंधातली यंत्रणा जात टिकवण्याची, कोयत्याची यंत्रणा श्रम मिळवण्याची. दोन्हींत बाई शिल्लक राहते म्हणून दोन्ही एकच, असं लिहिलं तर परीक्षक तिथंच धरेल. मधली कडी दाखवावी लागेल, आणि ती कडी लग्न हीच आहे. जातीत लवकर लावलेलं लग्न नवा कोयता तयार करतं. ऊसतोड पट्ट्यात बालविवाह का टिकलाय याचं एक उत्तर इथं आहे. ती कडी पुराव्यानं दाखवलीत तर तुमचं म्हणणं उभं राहतं.

कोरडवाहू
मान्य. घाईत लिहिलं.

शाईपेन
मराठीत प्रबंध चालतो का, तर चालतो. विद्यापीठाच्या अध्यादेशात भाषेचं कलम असतं, तेवढं बघा. बाहेरचे परीक्षक किमान दोन लागतात. मराठी वाचणारा आणि स्त्रीवादी तत्त्वज्ञान जाणणारा परीक्षक राज्याबाहेर शोधणं कठीण, म्हणून नावांचं पॅनेल गाइडशी बोलून आधीच जमवा.

खरी कटकट दोन ठिकाणी आहे. पहिली फॉन्टची. डीटीपीवाला श्रीलिपीत टाइप करून देतो. दिसायला पान देखणं, पण संगणकाला ती अक्षरं मराठी वाटतच नाहीत. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला नुसता कचरा दिसतो, आणि ग्रंथालय फाइल परत पाठवतं. मग युनिकोडमध्ये रूपांतर करायला घेतलं की रफार पुढच्या अक्षरावर जातो, जोडाक्षरं फुटतात. 'स्त्री' शब्द प्रत्येक पानावर दहा वेळा येणाऱ्या प्रबंधात तोच शब्द फुटला तर शुद्धलेखन तपासायला महिना जातो. पहिल्या दिवसापासून युनिकोड, इनस्क्रिप्ट कळपाट, स्वतः टाइप करा. पंधरा-वीस दिवसांत हात बसतो.

तपासणीची मर्यादा २०१८ च्या यूजीसी नियमांत आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० ला सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द. मुलाखतींचे उतारे अवतरणात आणि वेगळ्या परिच्छेदात ठेवा.

दुसरी कटकट परिभाषेची. 'जेंडर'ला लिंगभाव आता रुळलाय. 'स्टँडपॉइंट'ला भूमिदृष्टी वापरतात, चांगला शब्द आहे, जमीन आणि नजर दोन्ही त्यात येतात. पण 'सत्ता' बघा. पितृसत्तेतली सत्ता म्हणजे अधिकार, सत्तामीमांसेतली सत्ता म्हणजे असणं. एकाच प्रकरणात 'स्त्रीची सत्ता' असं लिहिलंत तर वाचणाऱ्यानं काय समजावं? तुम्ही अस्तित्वमीमांसा वापरा आणि सत्ता हा शब्द अधिकारालाच राखून ठेवा. 'एजन्सी'चंही तेच. कर्तृत्व म्हटलं की मराठी कानाला पराक्रम ऐकू येतो, 'कर्तबगार महिला' डोळ्यांपुढं येते. कर्तेपण बरं. पहिल्याच प्रकरणात दीड-दोन पानांत तुमचे पंधरा-वीस शब्द आणि ते का निवडले हे लिहून टाका. देवीदास दत्तात्रेय वाडेकरांनी संपादित केलेला १९७४ चा मराठी तत्त्वज्ञान महाकोश, तीन खंड, मोठ्या ग्रंथालयात मिळतो. स्त्रीवादी संज्ञा त्यात फारशा सापडणार नाहीत, पण ज्ञानमीमांसेची मूळ परिभाषा नीट कळते.

रानजाई
वाचनाचा क्रम सांगते. बहुतेक जण सिमोन द बोव्हारच्या 'द सेकंड सेक्स'पासून सुरू करतात आणि शंभराव्या पानाच्या आत अडकतात. तुम्ही ताराबाई शिंद्यांपासून लागा. १८८२ ची 'स्त्री पुरुष तुलना', मूळ प्रती अवघ्या ५००, किंमत ९ आणे. पुढं ती विस्मरणात गेली, १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून आणली. वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई, म्हणजे जालन्याहून फार लांब नाही. ते लेखन संतापाचं म्हणून वाचू नका, युक्तिवाद म्हणून वाचा. एक पान घ्या, समासात लिहा: इथं दावा कोणता, आधार कोणता, कुणाच्या कोणत्या विधानाला उत्तर आहे. पुरुष जो दोष स्त्रीला लावतात तो घ्यायचा आणि पुरुषांवर तपासायचा, ही त्यांची पद्धत. दोन बाजूंना एकच निकष लावणं ही तत्त्वज्ञानातली फार जुनी रीत आहे. अशी दहा पानं उकललीत की पुढं कोणताही कठीण ग्रंथ उकलता येतो.

त्यानंतर १९१६ चा निबंध, राज्य सरकारनं छापलेल्या इंग्रजी खंडांतल्या पहिल्या खंडात आहे. मग बोव्हार. १९५३ चा पार्श्लींचा इंग्रजी अनुवाद स्वस्तात मिळतो, पण त्यात बराच मजकूर गाळलेला आहे आणि तत्त्वज्ञानाच्या संज्ञा ढिल्या झाल्यात. बोर्ड आणि मालोव्हानी-शव्हालिए यांचा २००९ चा पूर्ण अनुवाद घ्या. मराठीत करुणा गोखल्यांचा अनुवाद आहे, सोबत ठेवा. संदर्भ देताना मात्र कोणत्या आवृत्तीचं पान ते प्रत्येक वेळी लिहा.

मग ईपीडब्ल्यूतले ('इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली') दोन लेख एका बैठकीत: गोपाळ गुरू, ऑक्टोबर १९९५, तीनच पानं, शर्मिला रेगे, ३१ ऑक्टोबर १९९८, आठ पानं. दलित स्त्रिया वेगळं बोलतात, असं पहिला लेख म्हणतो. दुसरा विचारतो, नुसतं वेगळेपण मान्य करून बाकीच्या स्त्रीवाद्यांची जबाबदारी संपते का? तुमच्या विषयात तुमची स्वतःची जागा कुठली, हा प्रश्न याच दोन लेखांतून येतो आणि त्याला बगल देता येत नाही.

मिरांडा फ्रिकर यांचं २००७ चं ज्ञानात्मक अन्यायावरचं पुस्तक शेवटी. बोलणाऱ्याचं म्हणणं तो कोण आहे यावरून कमी विश्वासार्ह धरणं हा एक अन्याय, आणि आपल्यावर जे घडलं त्याला नाव देणारा शब्दच समाजात नसणं हा दुसरा. पण इथं थोडं थांबा. ऊसतोड बायकांकडं शब्द नाहीत असं गृहीत धरू नका. खाडा, उचल, अर्धा कोयता, तळ हे शब्द आहेत आणि धारदार आहेत. ते विद्यापीठात पोचत नाहीत. अन्याय ऐकणाऱ्याच्या बाजूला आहे, आणि हे फ्रिकर यांच्या मांडणीला तुमच्याकडून उत्तर होऊ शकतं.

बालाघाट
जनाबाई राहिली की. गंगाखेडची.

रानजाई
राहिली नाही, मुद्दाम ठेवली. जनाबाई, महदंबा, जात्यावरच्या ओव्या हा स्वतंत्र प्रबंधाचा ऐवज आहे. माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित स्वरूपात पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आहेत. मोह आवरावा. ऊसतोडीच्या प्रबंधात 'आपली परंपरा' म्हणून एक प्रकरण घुसडलं की ते वर म्हटलंय तसं शोभेचं होतं.

मांजराकाठ
फिल्डवर्कबद्दल. टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात, पाडव्याच्या सुमारास परततात. पीएच.डी.चा कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचा, त्यात ५५ टक्के लागतात. तो नेमका हंगामात आला तर वर्ष गेलं समजा. पहिल्या वर्षी पावसाळ्यात गावात ओळखी करा, दुसऱ्या हंगामात तळावर जा.

फडात मुलाखत घेऊ नका. बाईच्या डोक्यावर मोळी असते आणि तुमच्या प्रश्नापायी गाडी भरायला उशीर झाला तर बोलणी तिला बसतात. संध्याकाळी कोपीपुढं चूल पेटलेली असते, भाकरी थापताना ती बोलते. तुम्ही पीठ मळायला बसलात तरी चालेल, वही मात्र नंतर उघडा. मुकादम किंवा नवरा शेजारी उभा असेल त्या दिवशी उचलीबद्दल विचारूच नका, फक्त गावाकडच्या गप्पा. शस्त्रक्रियेचा विषय तर तिनं काढल्याशिवाय नाहीच.

संमतीपत्रावर अंगठा घेतला की आपण सुटलो असं नसतं. संमतीवरच प्रबंध लिहिणारीनं तर हे जास्त जपावं. रेकॉर्डिंग करू का हे सुरुवातीला विचारा, आणि शेवटी पुन्हा विचारा, यातलं काय वगळू? नाव बदलणं पुरेसं नसतं. गाव, कारखाना आणि मुलांची संख्या एकत्र लिहिली की तालुक्यातलं कुणीही ओळखतं. कारखाना लिहायचा तर गाव वगळा.

गोदातीर
मुदतीचं थोडक्यात. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार किमान ३ वर्षं, कमाल ६, पुनर्नोंदणीनं आणखी २, महिलांना त्यावर आणखी २. प्रसूती आणि बालसंगोपन रजा २४० दिवसांपर्यंत मिळते. शोधनिबंध छापण्याची सक्ती या नियमांत राहिली नाही, तरी तुमच्या विद्यापीठाचा अध्यादेश वेगळं काही मागतो का ते पाहा. प्राध्यापकाकडं ८, सहयोगीकडं ६, सहायकाकडं ४ विद्यार्थी. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी राहिलेल्या गाइडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून 'बघू, करून टाकू' म्हणणाऱ्या ज्येष्ठ सरांची निवृत्तीची तारीख हळूच काढून ठेवा.

दुधनाकाठ
आणि फेलोशिप? नेट-जेआरएफ नाही निघाली तर?

बालाघाट
जेआरएफ महिन्याला ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफ ४२,०००. ती नसेल तर प्रवर्गानुसार बघा: अनुसूचित जातीला बार्टी, मराठा-कुणबींना सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना महाज्योती, आदिवासींना टीआरटीआय. आईवडिलांची एकुलती एक मुलगी असाल तर यूजीसीची सावित्रीबाई-जोतीराव फुल्यांच्या नावची आहे. तत्त्वज्ञानात नोंदणी असेल तर आयसीपीआर, सामाजिक शास्त्रांत आयसीएसएसआर. म्हणजे इथंही विषयाचं घर आडवं येतं. एका वेळी एकच घेता येते. राज्याच्या फेलोशिपांना आधी पक्की नोंदणी लागते, म्हणून नोंदणीचं पत्र, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर आणि अधिवास यांचे कागद एका फाइलीत तयार ठेवा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपलेली असते आणि ते अर्जाच्या शेवटच्या दिवशी लक्षात येतं, हे दरवर्षीचं. कोणतीही फेलोशिप असो, पैसे दर महिन्याला हातात पडतील असं धरून खोली भाड्यानं घेऊ नका. तुकड्यांनी येतात.

शाईपेन
लेख कुठून मिळवायचे तेही. विद्यापीठात असाल तर १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन आहे, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं. ते सरकारी संस्थांना आहे, खाजगी अनुदानित कॉलेजातल्यांनी एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीच्या ई-नियतकालिकांच्या योजनेचं) लॉगिन ग्रंथपालाकडं मागावं. जेस्टोरवर स्वतःचं मोफत खातं काढून महिन्याला १०० लेख वाचता येतात, ते डाउनलोड होत नाहीत. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश तर सगळ्यांना खुला. स्त्रीवादी ज्ञानमीमांसा, स्वायत्तता यांवरच्या नोंदी आधी वाचा, मग ग्रंथ उघडा. कुठल्या वादात कोण कुणाशी भांडतंय ते कळतं.

दुधनाकाठ
सगळ्यांचे आभार. सिनॉप्सिसचं शीर्षक असं धरलंय: 'मराठवाड्यातील ऊसतोड महिला कामगारांच्या समस्यांचा स्त्रीवादी दृष्टिकोनातून चिकित्सक अभ्यास'.

दगडीजातं
शीर्षकात तुमचा प्रश्नच नाही. 'समस्या', 'दृष्टिकोनातून', 'चिकित्सक अभ्यास' हे तिन्ही शब्द काढा, काय उरतं ते बघा. 'कोयता आणि संमती: श्रमकरारातील विवाहसंबंधाची स्त्रीवादी मीमांसा' असं काहीतरी. मग दोन-अडीच हजार शब्दांत एवढंच लिहा: कोयता म्हणजे काय, आजवर त्याच्याकडं कसं पाहिलं गेलं, त्यात कोणता प्रश्न सुटला नाही, तो सोडवायला कोणत्या दोन संकल्पना घेणार, आणि त्या इथं कुठं अपुऱ्या पडतील असं वाटतं. साहित्याचा आढावा चार पानांवर जाऊ देऊ नका. मुलाखती किती आणि का, ते एका परिच्छेदात. 'नमुना किती' विचारलंच तर तो परिच्छेद वाचून दाखवा.

रानजाई
आणि 'महिला कामगार'ऐवजी त्या स्वतःला काय म्हणतात ते तळावर जाऊन आधी विचारा. मग शीर्षक पक्कं करा.